रंगूबाईंनी उलटा ठेवलेला जोडा

मी एक जुना कातडी जोडा आहे. विट्याच्या बाजारात तात्याबांनी मला शिवलं, तेल पाजलं आणि चालताना करकर वाजेन अशी सोय केली. आकारामअण्णांनी मला घेतलं. "आकारामच्या आदी त्याचं पायताण येतंय," असं लोक म्हणायचे आणि मी आणखीच करकरायचो.

उसाला पाणी पाजायला मात्र अण्णा मला कधी नेत नसत. मला दारात सोडून अनवाणी जायचे. आमच्याकडे सगळेच तसे जातात, कारण भिजलेल्या सरीत जोडा रुतून बसतो.

त्या सकाळीही मी दारातच होतो. अण्णांच्या पत्नी रंगूबाई माहेरी गेल्या होत्या. पुतण्या जयराज आला. तो परमुलखात, सोनं गाळायच्या दुकानात वाढलेला. रस्त्याकडेची जमीन विकायची म्हणून हट्टाला पेटला होता. अण्णा नाही म्हणाले, तेव्हा त्याने अंगणातच त्यांच्या डोक्यात दगड घातला. मग पाणी पाजलेल्या उसात त्यांना नेऊन टाकलं आणि घसरून पडल्यासारखं दिसावं म्हणून मला त्यांच्या पायांत चढवलं. अतिशहाणा तो!

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि मला पिशवीत घालून रंगूबाईंना परत दिलं. रंगूबाईंनी मला उलटा करून पाहिलं. माझ्या तळाला चिखल नव्हताच. तशाच त्या चौकीत गेल्या.

"आवं सायेब, पाणी पाजाय पायताण घालून कोण जातंय? आन गेलंच, तर चिखुल कुठं हाय?"

"मावशी, चौकशी सुरू आहे," साहेब म्हणाले. कसली चौकशी अन् कसलं काय! महिने गेले, साहेब उसाकडे फिरकले नाहीत. मला फार राग यायचा.

जयराजने रंगूबाईंना नवी चप्पल पाठवली. त्यांनी ती उकिरड्यावर फेकली. "मालकाच्या मरणाचा निकाल लागंस्तवर माझ्या पायात काय चढायचं न्हाई," असं म्हणून त्या दर बाजारच्या दिवशी अनवाणी चौकीत जाऊ लागल्या. साहेबांच्या टेबलावर मला उलटा ठेवायच्या.

"मावशी, सरळ करा ते. उलटं पायताण भांडण लावतं."

"लावू द्या की. भांडायलाच आलीया मी."

एकदा लालासाहेब हवालदारांनी माझा तळ निरखला. त्यांच्याही घरी ऊस होता. "सायेब, मावशी खरं बोलत्यात," ते म्हणाले. "आमीबी अनवाणीच जातो." साहेबांनी मला उचलून स्वतः तळ पाहिला. मग कुठे खुनाचा गुन्हा नोंदला आणि जमिनीच्या वादावरून जयराजला धरलं.

आता मी चौकीच्या मुद्देमालाच्या खोलीत, लाखेने बंद केलेल्या पिशवीत आहे. खटला अजून उभा राहायचा आहे. रंगूबाई अजून अनवाणीच आहेत.

मित्रांनो, तुमच्या जोड्यांना जपा, त्यांना तेल लावा. माझ्या वाट्याला मात्र तेल नको, पुसणं नको. मी सुकेन, तडकेन, पण गप्प बसणार नाही. भांडण लागलं तर लागू दे. कोर्टात मला उलटाच ठेवा.