एक जूनच्या नोंदी

सुरुची एका रुग्णालय-समूहाची एंटरप्राइझ आर्किटेक्ट, म्हणजे सगळ्या संगणकप्रणालींची रचनाकार, होती. पुण्यातल्या त्यांच्या पाच रुग्णालयांच्या पाच वेगळ्या संगणकप्रणाली जोडून प्रत्येक रुग्णाची एकच नोंद करायची, हा आराखडा तिचा. नाव आणि जन्मतारीख जुळली की दोन नोंदी आपोआप एक होणार, हा नियमही तिचाच.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मांजरी गावच्या रुग्णालयात गोदाबाई थोरातांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं गेलं आणि श्वास कोंडून त्या बेशुद्ध पडल्या. ते त्यांना चालत नाही, असं जुन्या नोंदीत स्पष्ट लिहिलं होतं. नव्या नोंदीत मात्र दुसऱ्याच एका गोदाबाई थोरातांची माहिती आली होती.

सुरुची तडक मांजरीच्या नोंदणी खिडकीवर गेली. संपत नावाचा कारकून तिथे पंधरा वर्षं बसत होता.

"दोघींची जन्मतारीख एकच कशी?"

"एक जून ना? मॅडम, हितं निम्म्या म्हाताऱ्यांची तीच हाय. खरी तारीख कुणाला ठावं? मग आम्ही एक जून टाकतो."

"मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"इचारलं कुणी?"

आठ महिने ती संचालकांच्या बैठकांत आराखड्यातले चौकोन आणि बाण दाखवत होती. या खिडकीपाशी दहा मिनिटंही बसली नव्हती.

ऑफिसात तिचा वरिष्ठ सलिल वाटच पाहत होता. "कारकुनानं चुकीच्या तारखा टाकल्या, असं रिपोर्टमध्ये लिही."

"नियम माझा होता, सलिल."

"डिझाइनला दोष दिलास तर पाचही ठिकाणचं काम थांबेल."

"थांबायलाच हवं. अशा आणखी किती नोंदी एक झाल्यात, आपल्याला माहीत तरी आहे का?"

"वा! हरिश्चंद्रच. मग स्वतःचं नावही लिहा ना आपण."

तिनं लिहिलं. संध्याकाळी पाचही ठिकाणचं जोडकाम बंद झालं. तपासणीत चुकून एक झालेल्या चारशे बारा जोड्या सापडल्या. ते तिला दुसऱ्याकडून कळलं; तोवर तिला प्रकल्पातून काढलं होतं.

नवव्या दिवशी गोदाबाई शुद्धीवर आल्या. सुरुची भेटायला गेली.

"तू डॉक्टरीण का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमची नोंद माझ्यामुळे चुकली."

गोदाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. उशाशी बसलेली त्यांची लेक उठून दारापाशी आली.

"कळलं तिला," ती हळूच म्हणाली. "आता जावा तुम्ही."