कॅमेऱ्यामागचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. पत्त्यांच्या जोडाहून थोडी मोठी कॅसेट माझ्या पोटात बसते. १९९९ साली आरे कॉलनीतल्या डेअरीत मशीनवर काम करणारे धोंडिराम मला बोरीवलीच्या घरी घेऊन आले.

आमच्या इमारतीत आलेला पहिला कॅमेरा मीच. कुणाचं बारसं असो, लग्न असो की विहारातला कार्यक्रम, आम्हा दोघांना बोलावणं ठरलेलं! धोंडिराम चित्रात कधीच दिसायचे नाहीत. ते माझ्यामागे उभे राहून सारखे बोलत असायचे. "सोनू, जरा हस की!" "आकाश, नाकातलं बोट काढ रे!" लोक म्हणत, "भाऊ, कॅमेरा झकास आहे, पण तुमचं तोंड बंद ठेवा ना!" धोंडिराम हसायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे.

पुढे सगळ्यांकडे मोबाईल आले. बावीस कॅसेटींसह माझी रवानगी माळ्यावरच्या बॅगेत झाली. कितीतरी वर्षं मला कुणी हात लावला नाही. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटायचं.

एके दिवशी धोंडिरामांची मुलगी माधुरी हिने मला खाली काढलं. तेव्हा मला कळलं, सहा वर्षांपूर्वी आजारपणात धोंडिरामांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. आता ते मोबाईलवर लिहून दाखवत. माधुरीच्या सात वर्षांच्या मुलीने, दीप्तीने, विचारलं होतं, "आई, आजोबांचा आवाज कसा होता गं?" माधुरीने सांगायचा प्रयत्न केला. मग तिच्या लक्षात आलं, की तो आवाज तिच्याही आठवणीत पुसट होत चालला आहे.

तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "चालेल, पण जास्त चालवू नका. कधीही बंद पडेल." म्हणून एकेक कॅसेट एकदाच लावायची आणि संगणकात उतरवून घ्यायची, असं ठरलं. त्या कामाने माझा जीव दमला. शेवटची कॅसेट संपली आणि माझी मोटर कायमची थांबली. आता जे काही उरलं होतं, ते फक्त संगणकात होतं.

रविवारी माधुरीचा धाकटा भाऊ आकाश कांदिवलीहून आला. व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर त्याने उघडलं, तर चित्रावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आणि आवाज मुळीच नाही.

"वाट लागली! आवाज उतरलाच नाही की काय?" माधुरी घाबरली.

"थांब ताई, दुसऱ्यात बघू."

दुसरं सॉफ्टवेअर फार हुशार होतं. सगळी काटछाट ते आपणहून करायचं. त्याने माधुरीच्या सातव्या वाढदिवसाची तीन मिनिटांची चकचकीत फिल्म बनवली. रंग उजळले, मागे संगीत वाजू लागलं. आकाशने टाळ्या वाजवल्या. धोंडिराम मात्र उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"अरे, ह्यांचा आवाज कुठंय?" धोंडिरामांच्या बायकोने, सोनूबाईंनी, विचारलं.

आकाशने शोधलं आणि तो ओशाळला. "आई, त्याने तो गोंगाट समजून काढून टाकला."

"तीस-पस्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं बोलणं म्हणजे गोंगाट? बंद कर ते!"

मूळ व्हिडिओ शाबूत होता, एवढंच नशीब. आकाशने तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. दिसायला अगदी साधं, फुकट मिळणारं. ते आपणहून काहीच करत नव्हतं. रेघा घालवायचं बटण त्यात होतं. कुठे कापायचं ते माणसाने ठरवायचं, आणि मूळ फाईलला धक्का लागत नव्हता. माधुरी म्हणाली, "हेच ठेव. आणि काही कापू नकोस."

तिने धोंडिरामांना हात धरून आत आणलं. व्हिडिओ सुरू झाला. दोन वेण्या घातलेली लहानगी माधुरी केकसमोर लाजून उभी होती. आणि चित्राच्या चौकटीबाहेरून भरदार आवाज आला, "इकडं बघ गं पोरी! नाव काय तुझं? जोरात सांग!"

पडद्यावरच्या माधुरीने मान खाली घातली.

"दीप्ती!" धोंडिरामांच्या मांडीवर बसलेली नात ओरडली. "माझं नाव दीप्ती, आजोबा!"

धोंडिरामांचे ओठ हलले. मग त्यांनी तिला घट्ट जवळ धरलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशा कॅसेटी पडल्या असतील. आमच्यासारखी यंत्रं बंद पडायच्या आत त्या उतरवून घ्या. सॉफ्टवेअर कोणतंही निवडा, पण मूळ फाईल जपून ठेवा. आणि काही कापण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका. चित्रात न दिसणारं आपलं माणूस तिथे बोलत असेल.