ही बाजू वर

चौतीस वर्षं मी काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होतो. पेले, बरण्या, दिव्यांचे गोळे, सगळं माझ्या हातून गेलं. आमच्या खात्यात नियम एकच: आत हलता कामा नये. खोकं बंद केलं की कानाशी धरून हलवायचं आणि जरा जरी खुळखुळलं तर उघडून पुन्हा भरायचं. माझं खोकं फुटून परत आलं असं चौतीस वर्षांत दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा ते ट्रकवाल्याने पाडलं होतं. हे मी सांगायला लागलो की लेक उठून आत जाते, पण खरं ते खरं.

निवृत्त झाल्यापासून मी लेकीकडेच असतो. दोन खोल्यांत लेक, जावई, मी आणि आता नात. तिचं नाव ठरत नव्हतं म्हणून मी तिला भोंगा म्हणायचो. कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा, आमचा दर पाऊण तासाने. जावई बेकरीत पीठ मळायच्या यंत्रावर आहे, पहाटे चारला निघतो. तो बिचारा डोळे उघडे ठेवून झोपायला शिकला होता, लेकीला तेही जमेना. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती भोंग्याला खांद्यावर घेऊन ओट्यापाशी उभी होती आणि उभ्या उभ्याच तिची मान कलली. हात सैल पडला. मी शेजारी कप विसळत होतो म्हणून पोर माझ्या हातात आली. कप फुटला. लेक माझ्याकडे अशी बघत राहिली की मी कोण हेच तिला आठवत नसावं. मी कपावरून बडबड केली, कारण दुसरं काही सुचेना. खरं सांगायचं तर मी फार घाबरलो होतो.

मग मी पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसलो आणि माल तपासतात तसं पोरीला बघत राहिलो. पोट भरलं की झोपायची छान. पण दहाव्या मिनिटाला दोन्ही हात एकदम झटकायची आणि स्वतःच्याच हातांना दचकून उठायची. रोग कळला. आत हलत होतं.

सुती दुपटं घेतलं, चौकोनी, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं. एक कोपरा दुमडला, पोरीला ठेवलं, हात अंगालगत, पाय सरळ जोडून, डावीकडून एक घडी, खालून एक, उजवीकडून शेवटची, आणि टोक पाठीखाली. पेल्यांचा जोड बांधतात तसं गच्च. कानाशी धरून हलवायचा मोह झाला, तो आवरला. तेवढी अक्कल मला आहे.

भोंगा साडेतीन तास झोपली. लेक चार तास झोपली, कारण पोर उठल्यावर तिला उठवायला मला अर्धा तास लागला. जावई कामावरून आला, घरातली शांतता बघून घाबरला आणि आधी पाळण्यात डोकावला. मी पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर बाण काढला, "ही बाजू वर" असं लिहिलं आणि पाळण्याला अडकवलं, म्हणजे घाईत कुणी पोरीला पालथं निजवायला नको. दहा दिवस घर झोपलं. लेक पुन्हा माझ्यावर चिडायला लागली, त्यावरून तिची तब्येत सुधारल्याचं मला कळलं. जिन्यात भेटेल त्याला मी माझी पद्धत सांगत सुटलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझा एक जास्तच भरला.

अकराव्या दिवशी दवाखान्यातली सिस्टर बाळाला बघायला घरी आली. पाळण्यावरचा पुठ्ठा वाचून हसली, म्हणाली, उताणं निजवता हे उत्तम. मी फुशारलो. मग तिने दुपटं उघडलं आणि तिचं हसू गेलं.

"आजोबा, हे पाय असे कुणी बांधले?"

"मी," मी म्हणालो. "सरळ आणि गच्च. आत काही हलत नाही."

"तेच चुकलंय. हात बांधा, पण पाय मोकळे हवेत. बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. असे ताणून ठेवले तर खुबा सरकतो, मग पोर लंगडते."

तिने भोंग्याचे गुडघे दुमडून दोन्हीकडे पसरून पाहिले. डाव्या बाजूला जरा थांबली. मला नीट सांगता येत नाही म्हणाली, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडून तपासून घ्या. वर सैल आणि खाली मोकळं कसं बांधायचं ते लेकीला दाखवलं आणि गेली.

मी आपण होऊनच पाळण्यापासून लांब राहिलो आणि लेकीनेही मला बोलावलं नाही. सिस्टरने दाखवलेलं तिने करून बघितलं, जावयाने करून बघितलं, पण पाय मोकळे सोडले की वरचं सुटायचं आणि कापड तोंडाशी यायचं. शेवटी त्यांनी बांधणंच सोडलं. भोंगा पुन्हा वाजायला लागला. लेक पुन्हा भिंतीला टेकून डुलायला लागली. आणि जगातल्या सगळ्या काचा बांधलेला माणूस पलीकडच्या खोलीत हातावर हात ठेवून बसला होता. लेकीची आई असती तर असं झालं नसतं, हे मला सारखं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी मला दिव्यांचे गोळे आठवले. गोळा कधी सगळीकडून आवळत नाहीत. त्याची मान पुठ्ठ्यात घट्ट धरायची आणि पोट पोकळीत मोकळं सोडायचं, म्हणजे धक्का बसला तरी तो तडकत नाही. हजारो गोळे बांधले होते मी, आणि बांधायच्या वेळी आठवले पेले. मी माझी उशी घेतली, तिला दोन मोज्यांत चिंध्या भरून पाय लावले आणि जुन्या चादरीत बांधत बसलो. छातीपाशी दोन बोटं जातील इतकी जागा, त्याखाली घडी अडकवलेली, आणि त्याच्या खाली पिशवीसारखं सैल. मोजे आत फाकतात का ते हाताने बघायचो, उलगडायचो, पुन्हा बांधायचो. एकदा वर बघितलं तर लेक दारात उभी होती. तिने उशीकडे बघितलं, मोज्यांकडे बघितलं आणि गेली. जावई मात्र विचारून गेला, हे दुसरं बाळ कुणाचं.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. जावयाला रजा मिळाली नव्हती. मी बाहेर थांबतो म्हणालो, पण लेक म्हणाली, आत चला. डॉक्टरीणबाईंनी पोरीचे पाय दुमडले, फिरवले, पसरले, पुन्हा दुमडले. मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो आणि एक अक्षर कळत नव्हतं.

"दोन्ही खुबे जागेवर आहेत," त्या म्हणाल्या. "काळजी नको. फक्त पाय बांधू नका."

मी मिळेल त्या स्टुलावर बसलो. ते बाईंचं होतं.

बाईंनी पोरीला जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले. बाहेर औषधाच्या खिडकीसमोर गर्दी होती. आम्हाला नंबराची चिठ्ठी देऊन बाकावर बसवलं. उघडी पडलेली भोंगा पूर्ण दमाने वाजत होती, लोक वळून बघत होते. लेकीने पिशवीतून दुपटं काढलं. मला वाटलं, स्वतःच बांधेल. तिने दुपटं माझ्या मांडीवर पसरलं आणि त्यावर पोरीला ठेवलं.

"बाबा, त्या उशीसारखं बांधा," ती म्हणाली.

एक कोपरा मी दोनदा दुमडला, असं चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. वर धरलं, घडी अडकवली, खाली सोडलं. आतून गुडघे वर आले आणि बाजूला पसरले, ते माझ्या तळहाताला कळलं. भोंगा दोनदा कण्हली, हात झटकायला गेली, जमलं नाही आणि झोपली. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर वजन आलं. लेक झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

खिडकीवरून आमचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. मागच्या नंबरच्या बाईंनी मला खुणेने सांगितलं, तुमचाच आहे. मी त्यांना खुणेनेच सांगितलं, तुम्ही जा. त्या गेल्या, त्यांच्यामागचे गेले, अर्ध्या तासाने खिडकी बंद झाली. मी जागचा हललो नाही.