मी मोडलेला नाही

घर गप्प होतं. तेवढ्यात मोरीजवळ टण्णकन स्टीलची वाटी पडली, गरागरा फिरली आणि पिंपाला टेकून थांबली.

"वाटीला पोचा आला का गं?" ओटीवरून आवाज आला.

वाटीला काही झालं नव्हतं. ज्या हातातून ती सुटली, तो हात पोटाशी धरून सोनाली खाली बसली होती. पण चौकशी वाटीची झाली, हाताची झाली नाही. मित्रांनो, माझा सगळा राग याच गोष्टीचा आहे.

मी एक जुना कीबोर्ड आहे. पुस्तकात मला कळफलक म्हणतात. त्या नावानं हाक मारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. 'तुटका' म्हणणारे मात्र जाईन तिथे भेटले. कारण मी दोन तुकड्यांत आहे. डावा वेगळा, उजवा वेगळा, मधे एक वायर. दोन्ही तुकडे आतल्या बाजूनं उंच, कौलारू छपरासारखे दोहीकडे उतरते. मी असाच जन्मलो. मी पडलो नाही, आपटलो नाही, माझ्यावर कुणी बसलं नाही.

असा का, ते तुम्हीच करून पाहा. डोळे मिटा आणि दोन्ही हात टेबलावर सहज ठेवा. ते खांद्यांइतके लांब पडतील आणि तळवे एकमेकांकडे थोडे कलतील. आता समोर साधा कीबोर्ड आहे असं समजा. हात जवळ ओढावे लागतात, तळवे पालथे पाडावे लागतात आणि मनगटं बाहेरच्या अंगाला मुरडतात. एकदा मुरडली तर काही होत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं मुरडत राहिली की आतून सुजतात. मग बोटांना मुंग्या येतात, हात जड होतो, साधा पेला धरवत नाही. हातानं वाकडं होऊन माझ्याकडे येऊ नये, मीच वाकडं होऊन हाताकडे जावं, एवढ्यासाठी मला असा घडवला आहे.

माझी पहिली मालकीण शगुफ्ता. खालापूरच्या कचेऱ्यांजवळ एक टायपिंगचं दुकान आहे, तिथे ती अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायची. तिचे हात दुखायला लागले तेव्हा तिच्या भावानं, अब्रारनं, मला आखातातून पाठवलं. खोक्यातून मी बाहेर आलो आणि गिऱ्हाइकं आपलं काम विसरून माझ्याभोवती जमली. पडला का, गाडीखाली आला का. जमिनीच्या वाटणीसाठी आलेल्या एका म्हाताऱ्यांनी तर, हा पन दोगा भावांत वाटला का, असं विचारलं.

"वाटला चाचा," शगुफ्ता म्हणाली, "पन बांधावरून भांडन नाय."

तिची बोटं माझ्यावर बसायला वेळ लागला, पण मग दुखणं हळूहळू उतरलं. पुढे ती शाळेत शिकवायला लागली आणि दुकान सुटलं. शेजारच्या टेबलावर सोनाली बसायची, मनगटाला रुमाल बांधून. जाताना शगुफ्तानं मला तिच्या मांडीवर ठेवलं.

सोनाली भिवपुरीजवळच्या गावातली. नवरा ऋषिकेश टेंपो चालवतो, मुलगी चिमा दुसरीत आहे आणि घरात सासरे आहेत, धाकलूबाबा. कर्जतच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, हाताला आराम दिला नाही तर पुढे साधा पेनही धरता येणार नाही. आराम म्हणजे काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. सकाळची भांडी म्हणजे आराम? भाकऱ्या थापणं म्हणजे आराम? दुकानात दिवसभर टाइप करून येऊन चिमाची वेणी घालणं म्हणजे आराम?

दुकानाच्या नव्या शेठनी मला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. असले तुकडे टेबलावर दिसले तर गिऱ्हाईक नावं ठेवील, म्हणाले. हात काय सगळ्यांचेच दुखतात. कुणाचे दुखतात ते मी पाहिलं आहे. शेठचे नाहीत. ते बोटानं फक्त दाखवतात.

फार विनवण्या केल्यावर ते म्हणाले की घरी पंधरा दिवस शिकून ये आणि मग सोमवारी बसून दाखव. पहिल्याइतकी झरझर चाललीस तर हा राहील, नाहीतर हाही जाईल आणि तूही.

मग भाताला कढ येईपर्यंत, पाणी भरून होईपर्यंत, मिळेल तेवढ्या वेळात ती माझ्यावर बसू लागली. चिमा तिच्या पाठीला टेकून शाळेचा धडा वाचायची आणि मला मोबाइलला जोडून सोनाली तो टाइप करायची. आधी फार चुका झाल्या. चिमाच तिला म्हणायची, "जाऊ दे गं आई, पुन्ना लिही." हळूहळू बोटांना माझी वाट कळली. मुंग्या कमी झाल्या. एका सकाळी तिनं चिमाची वेणी अशी घट्ट घातली की चिमा कुरकुरली, आणि सोनाली हसली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात माझी एवढी स्तुती कुणी केलेली नाही.

आणि मग रविवार आला.

धाकलूबाबा भिवपुरीच्या वीजघरात फिटर होते. निवृत्त झाले, पण हात स्वस्थ नाहीत. त्यांच्या घरात मोडकी वस्तू रात्रभर राहत नाही. छत्रीची काडी असो, चपलेचा अंगठा असो, शेजाऱ्यांचा पंखा असो. त्या दिवशी सोनाली नदीवर गोधड्या धुवायला गेली होती आणि एरवी तिच्या पिशवीत असणारा मी खाटेवर राहिलो होतो. बाबांनी मला उलटापालटा करून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सून एवढी मेहनत करते, तीही तुटक्या कीबोर्डवर, आणि तोंडातून शब्द काढत नाही.

त्यांनी जुन्या दाराची सागवानी फळी काढली, रंधा मारला. मला कलतं धरणारे माझे पाय मिटले, दोन्ही तुकडे अंगाला अंग लावून सरळ रेषेत बसवले आणि खालून स्क्रू पिळले. स्क्रू दिसू नयेत म्हणून वर भोकं बुजवायची लांबी भरली, पॉलिश केलं. मग कापडात गुंडाळून सुनेच्या पिशवीत तळाशी ठेवलं आणि तिला फक्त भरून ठेवलाय एवढंच सांगितलं, उघडल्यावर आनंद व्हावा म्हणून. त्यात माया होती हे मला दिसत होतं. म्हणून तर राग जास्त आला. शिव्या देणाऱ्यावर रागावता तरी येतं.

सोमवारी दुकानात सोनालीनं कापड सोडलं आणि तिचं तोंड उतरलं. शेठ मात्र खूश झाले. "आता कसा मानसात आला. असाच आनायचा ना आदी."

लांबीखालचे स्क्रू तिला सापडेनात. दिवसभर ती तशीच बसली. मी आता साध्या कीबोर्डपेक्षाही वाईट होतो. फळीमुळे उंच झालेलो, तिची मनगटं मागे मोडणारा. तिच्या हातातली प्रत्येक कळ माझ्या अंगावर वाजत होती आणि मला बाजूला सरकता येत नव्हतं. संध्याकाळी शेठ म्हणाले, चांगलं चाललंय, राहू दे. आम्ही हरलो, आणि वर शाबासकी मिळाली.

घरी आल्यावर ती वाटी पडली.

धाकलूबाबा ओटीवरून उठून आत आले. सोनालीला तसं बसलेलं पाहून कोनाड्यातली बामची बाटली काढू लागले.

"बाबा, कीबोर्ड मोडला नव्हता," सोनाली म्हणाली. "माजा हात मोडत होता. सांगत होते की मी. दर टायमाला तुमी बाम दिलात."

बाबांनी बाटली परत कोनाड्यात ठेवली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, बायांचं दुखनं असतंच."

त्यांनी पटाशी आणली, खाली बसले आणि आपणच भरलेली लांबी कोरून काढली. शेवटचा स्क्रू निघताना माझ्या डाव्या कोपऱ्याला चीर गेली. इतकी वर्षं काही नसताना मी तुटका म्हणवून घेतलं. आता खरी चीर आहे, तर ती कुणाच्या नजरेत येत नाही.

"उद्या दोन तुकड्यांतच नेनार हाय," सोनाली म्हणाली. "शेटनी काढलं तर काढलं."

"मी येतो संगं," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी सांगीन, तुटका नाय म्हनून."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कुणी हात दुखतो म्हणालं तर आधी तो हात हातात घेऊन बघा, आणि तिनं आणलेल्या वस्तूला हसायच्या आधी ती वस्तू कुणासाठी वाकली आहे ते विचारा. एवढंच मागतो.

चिमा आता माझे दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आपले इवले हात माझ्यावर ठेवून पाहिले. मग परातीकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, मोरीतल्या भरलेल्या कळशीकडे पाहिलं.

"आई, हा तुज्या हाताकडं बघून केला ना? मग बाकीचं सगळं कुनाच्या हाताकडं बघून केलं गं?"