मी बंद पडलो नव्हतो

मी विजयसिंहांचं श्वासाचं यंत्र बोलतोय. अंगाने जेवणाच्या डब्याएवढा आहे, पण राग पोटात मावत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झोपेत विजयसिंहांचा गळा आतून मिटायचा. घोरता घोरता श्वासच थांबायचा. दोन हजार चार साली डॉक्टरांनी लिहून दिलं आणि मी त्यांच्या उशाशी आलो. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून माझी हवा. कित्येक वर्षांनी ते शांत झोपले, आणि त्यांच्या पत्नी वर्षाराणीही.

त्या हिवाळ्यात त्यांच्या दोस्तांच्या रस्सा मंडळाने शाहूवाडीच्या डोंगरात मुक्कामाचा बेत आखला. वर्षाराणींनी बजावलं, "मशीन न्यायचं असंल तरच जावा." मग ट्रॅक्टरची बॅटरी जीपमध्ये चढली. तंबूत मला तिच्यावर जोडलं. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून विजयसिंह माझ्या भरवशावर आडवे झाले.

बाहेर पत्ते रंगले होते. तेवढ्यात गाण्यांच्या टेपचे सेल संपले. त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त बाळासो आत आला, माझ्या वायरी उपसल्या आणि बॅटरी उचलली. जाताना म्हणाला, "घटकाभर हवा न्हाय मिळाली तर काय मरतोय व्हय?"

विजयसिंह काळेनिळे पडून, मास्क ओरबाडत उठले. आधी धावला तो बाळासोच. बॅटरी गुपचूप जागेवर ठेवून सगळ्यांना म्हणाला, "मशीनच डबडं हाय. आपोआप बंद पडलं."

मला तोंड कुठे होतं? दोस्ताचा शब्द खरा ठरला, कुणी बटण दाबूनही पाहिलं नाही आणि मी माळ्यावर गेलो. आडवं झालं की श्वास थांबायचा, म्हणून दोन वर्षं विजयसिंह खुर्चीत बसून झोपले आणि मी धुळीत बाळासोच्या नावाने बोटं मोडत राहिलो.

गेल्या महिन्यात बाळासोलाच तो आजार निघाला. लाज सोडून दारात आला. "वैनी, माळ्यावरचं मशीन द्या की."

"अरं, ते तर डबडं," विजयसिंह म्हणाले.

"न्हाय, चांगलं हाय ते."

"तुला काय ठावं?"

वर्षाराणींनी मला खाली काढून बटण दाबलं. मी सुरू झालो, अगदी पहिल्या दिवसासारखा. मग त्याला सगळं ओकावं लागलं. विजयसिंहांनी हाताने दार दाखवलं. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

आता मी पुन्हा उशाशी आहे. विजयसिंह मऊ मनाचे. आज ना उद्या त्याला माफ करतील. पण वाचकहो, तुमच्याकडे तो यंत्र मागायला आला तर देऊ नका. दोन वर्षं नको, निदान दोन महिने तरी त्याला खुर्चीत झोपू द्या.