ज्योत विझू नये म्हणून

खिडकी उघडली की दिवा विझतो. दिवा विझला की पाऱ्याचे थेंब सुटत नाहीत. थेंब सुटले नाहीत तर दाढेत भरायची चांदी तयार होत नाही.

म्हणून बंद. ऑक्टोबरपासून मेपर्यंत.

नॉर्वेतल्या त्या खाडीकाठच्या शाळेत, दातांच्या दवाखान्यात, दाग्रुन दिवसभर तेच करी. तांबं-पाऱ्याची वडी चमच्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, खलात घोटायची, फडक्यातून पिळायची, बोटांनी मळायची आणि घट्ट व्हायच्या आत डॉक्टर होवलांच्या हातात ठेवायची. सकाळपासून अकरा मुलं झाली होती. बाहेर बाकावर अजून नऊ.

तिला चौथा महिना लागला होता. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं.

तिच्याआधी या दिव्यापाशी बारा वर्षं बोर्गहिल्ड उभी असायची. आता तिला कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. गावात म्हणतात, नवरा बोटीवर गेला की बायका अशाच हळव्या होतात.

"डॉक्टर, मला जरा..."

"चांदी."

दिली.

पुढचा आयलिफ. सात वर्षांचा. तोंडात कापसाचे बोळे, डोळे छताला.

या वेळी ती थांबली नाही. चमच्यातून उठणाऱ्या पाऱ्याच्या विषारी वाफेचं बोलली, बाळाचंही सांगून टाकलं.

डॉक्टरांनी कोरणी थांबवली. माणूस वाईट नव्हता; आधी अभिनंदन केलं. मग जबडा वासून स्वतःच्या दाढा दाखवल्या. चांदी भरलेल्या सहा दाढा, वीस वर्षं, आणि अजून दर रविवारी डोंगर चढतो, म्हणाले.

"दाढेतलं नाही हो म्हणत मी. चमच्यातलं म्हणतेय."

त्यांनी पुन्हा कोरणी चालू केली. तिने खिडकी उघडली.

वारा आत घुसला, दिवा गेला, आणि कोरलेल्या दाढेला गार हवा झोंबून आयलिफ कळवळला. ओरडता येत नव्हतं त्याला. दाग्रुनचीच बाही धरली त्याने.

"बंद कर गं," डॉक्टर हळूच म्हणाले. "पोराला लागतंय."

तिने बंद केली.

काडी ओढली. चमचा धरला. श्वास रोखला.

एक थेंब आला. दुसरा. वडीवर घाम फुटल्यासारखे बारीक, चकचकीत. अजून पुरेसे नव्हते. कानात ठोके पडायला लागले. तिसरा. आयलिफने बाही सोडली नव्हती. चौथा येईना

येईना

आणि तिने तोंड उघडून भरभरून श्वास घेतला.