मागच्या दाराचा नंबर

“आधी दार उघडं ठेव, मग स्क्रूला हात लाव. आणि ‘सी’ लिहिलेलं बटण दाबल्याशिवाय मागची पट्टी काढू नकोस, नाहीतर स्प्रिंगा शोधत घरभर रांगशील.”

आमचे हे असं सांगायचे तेव्हा त्यांच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले असायचे. निम्मे शब्द मी अंदाजानेच ओळखायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. कुलपांचं दुकान आता मी बघते. त्या सोमवारी दुपारी माझ्याच स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी पेचकस घेऊन बसले, तेव्हा हा आवाज कानात इतका स्पष्ट आला की मी वळून पाहिलं. कोणी नव्हतं. कोणी नसेल अशीच वेळ मी निवडली होती.

ते बटणांचं कुलूप म्हणजे मी माझ्या हाताने बसवलेलं पहिलं कुलूप. तेरा वर्षांपूर्वी वन्सं, ह्यांची मोठी बहीण, आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या आणि महिन्याभरात आमच्या घराच्या तीन किल्ल्या हरवून बसल्या. हे म्हणाले, “ताईला किल्लीच नको. नंबरचं बसवू. त्याला ना बॅटरी लागते ना वीज, फक्त डोकं लागतं.”

“मग तुझी बायको घरात कशी येणार?” वन्संनी विचारलं. सगळे हसले, मीसुद्धा.

कागदाचा साचा दाराला चिकटवून मी भोकं पाडली. वरचं जरा तिरकं गेलं. ह्यांनी ते कानशीने सारखं केलं आणि कुणाला सांगितलं नाही. नंबर ठेवला दोन, चार, सात, नऊ. तेव्हापासून वन्सं रोज सकाळी साडेसातला मागच्या दाराने आत येतात.

सात ते आठ माझं मौन असतं. जप, प्रार्थना, आणि आठ वाजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. हा नेम लग्नाआधीपासूनचा. दुसरा नेम, खोटं बोलायचं नाही. वन्संना माझं मौन फार सोयीचं. डब्यातून साखर काढून घेता घेता त्या सगळ्या गल्लीची खबर सांगतात, मला चार टोमणे मारतात, आणि उलट उत्तर येणार नाही याची खात्री असल्यामुळे तृप्त होऊन परत जातात. “तू माळ ओढ, मी जीभ चालवते. बघू कोण आधी दमतं.”

त्या सोमवारी त्या डबे धुंडाळत होत्या आणि सहज बोलून गेल्या, “माझा भाऊ बिचारा या मुक्या घराला कंटाळूनच गेला असेल.”

गंमतच होती ती. त्यांच्या सगळ्या गमती अशाच. पण हे गेले त्या सकाळी साडेसातच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली होती, आणि मी ओ दिली नव्हती. नुसती उठून जवळ गेले होते. हे वन्संना माहीत नाही. कुणालाच नाही.

आठ वाजल्यावर त्यांच्याकडे जाऊन बोलता आलं असतं. मी बोलले नाही. दुपारी दुकान बंद करून घरी आले, दार उघडं ठेवलं, कुलूप उतरवून टॉवेलवर पालथं घातलं. सी दाबलं, पट्टी काढली. आत नखाएवढे चपटे तुकडे ओळीने उभे असतात. ज्या आकड्यापाशी लाल तुकडा तो आकडा नंबरात, ज्याच्यापाशी निळा तो नाही. मी चिमट्याने नवाचा लाल तुकडा उचलून पाचाच्या जागी ठेवला आणि पाचाचा निळा नवाच्या जागी. खाचा बरोबर बाजूला आहेत ना, पाहिलं. पट्टी लावली, कुलूप चढवलं, तीनदा दाबून खात्री केली. वीस मिनिटांचं काम. ग्राहकाचं कुलूप असतं तर त्याला विचारलं असतं, “घरात सगळ्यांना सांगितलंत ना?”

संध्याकाळी वन्संना सांगायचं ठरवलं होतं. सकाळचा तास मला एकटीला हवाय, आठनंतर येत जा. एवढंच वाक्य. ते माझ्याच्याने झालं नाही.

मंगळवारी साडेसातला बटणं वाजली. टक, टक, टक, टक. मूठ फिरली नाही. पुन्हा चारदा टक. “अगंबाई!” मी आसनावर डोळे मिटून बसले होते. मौनात होते ना मी. पावलं परत गेली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बरं वाटलं. जप कधी नव्हे तो सलग झाला.

बुधवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी बटणं हळू वाजत होती, एकेकावर थांबून. गुरुवारी मात्र मी उठून खिडकीच्या फटीतून पाहिलं. वन्संच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, त्यावर पेन्सिलीने आकड्यांच्या ओळी. त्या एक ओळ दाबायच्या, मूठ फिरवून बघायच्या आणि ओळीवर काट मारायच्या. दोन, चार, सात, नऊ हे आकडे जितक्या प्रकारे मागेपुढे करता येतील ते सगळे चोवीस प्रकार त्यांनी मांडून आणले होते. या कुलपात क्रमाला काही अर्थच नसतो. चारही आकडे कसेही दाबले तरी उघडतं. ह्यांनी हे बसवतानाच सांगितलं होतं, पण त्या वेळी वन्सं स्वतःच बोलत होत्या. पंधराव्या-सोळाव्या ओळीला त्यांनी मनगटाने डोळे पुसले. मी फटीपासून मागे सरकले. माझ्याच घरात, चोरासारखी.

दुपारी त्या दुकानात आल्या. मी किल्ली घासत होते.

“तुझ्याशी बोलायचंय. हसू नकोस.”

“नाही हसत, वन्सं.”

“मागच्या दाराचा नंबर मला आठवत नाही. तेरा वर्षं. झोपेत दाबला असता मी.”

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

“सांगू नकोस! तू सांगितलास तर मला कसं कळणार डोकं चालतंय की नाही? आधी वाटलं, कुलूपच बिघडलं. पण तू रोज त्याच दाराने ये-जा करतेस. मग वाटलं, तू नंबर बदललास. पण बदलला असतास तर सांगितलं असतंस. तू काही माझ्यासारखी आगाऊ नाहीस.”

मी घासत राहिले. त्या किल्लीचे दातेच गेले, नंतर ती टाकून द्यावी लागली.

“आईचं असंच सुरू झालं होतं,” त्या म्हणाल्या. “आधी घराचा नंबर, मग आमची नावं. शेवटी मला विचारायची, ‘बाई, तुम्ही कोणाच्या?’ मी म्हणायचे, ‘तुमचीच हो, दुसरं कोण घेणार मला?’” त्या हसल्या, आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. “माझ्या पाळणाघरात पाच पोरं आहेत गं. धाकटं सात महिन्यांचं. उद्या गॅसवर दूध ठेवून विसरले तर? दार सताड उघडं टाकलं तर?”

“वन्सं, असं काही...”

“थांब. गोड बोलू नकोस. गोड बोलायला डॉक्टर आहे. तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुझ्याकडे आले. मला वचन दे. माझं डोकं जातंय असं दिसलं की तोंडावर सांगायचं. आणि जात नसेल तर तेही सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नाही, खरं असेल तरच.”

“सांगेन,” मी म्हणाले.

पुढचंच वाक्य खरं काय ते सांगणारं असायला हवं होतं. पण एक ग्राहक आला आणि मी त्याच्याकडे अशी लगबगीने वळले, जशी कधी कुठल्या ग्राहकाकडे वळले नसेन.

संध्याकाळी मी नंबर परत पहिल्यासारखा केला. म्हटलं, उद्या उघडेल, वन्संना हायसं वाटेल, विषय मिटेल. घाईत सी दाबायचंच विसरले. स्प्रिंगा उडाल्या. सगळ्या स्वयंपाकघरात मी रांगले, शेवटची चुलीच्या ओट्याखाली मिळाली. तोंडाने मी आजवर एकही शब्द खोटा बोलले नव्हते, हे त्या वेळीही माझ्या मनात आलं. त्याची आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी चार टक वाजले आणि मूठ फिरली. मिटल्या डोळ्यांनीच मी मनात म्हटलं, सुटले.

पण वन्संचा आवाज येईना. डोळे उघडून पाहिलं तर त्या उंबऱ्यातच उभ्या होत्या. दार उघडं धरून त्यांनी कागदावरची दुसरी ओळ दाबली, मूठ फिरवली. खिट्टी आत गेली. तिसरी ओळ. गेली. मग काट मारलेल्या ओळी खालून वर. प्रत्येक वेळी खिट्टी आत जायची आणि वन्संचा चेहरा थोडा आणखी उतरायचा.

“कसंही दाबलं तरी उघडतंय की हे,” त्या हळू म्हणाल्या. “मग मी काय दाबत होते? कागदावर बरोबर लिहिलंय. बघ, माझंच अक्षर आहे. डोळ्यांनी हे वाचत होते आणि बोटं भलतीच बटणं दाबत होती. आणि मला पत्ताच नाही.”

मी त्यांच्याकडे बघत होते. माळ हातात होती.

“बरं आहे तू आत्ता बोलत नाहीस ते,” त्या म्हणाल्या. “काल तुला भरीस पाडलं उगीच. माझं मलाच कळलं. आठ वाजता पोरांच्या आया येतील, त्यांना सांगते, सोमवारपासून दुसरीकडे बघा.”

साखरेच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही. एरवी दार धाडकन आपटून जाणाऱ्या बाईने आज ते दोन्ही हातांनी धरून हळूच ओढून घेतलं.

आठला सोळा मिनिटं होती. आठ वाजू दे, मग जाईन, असं मी स्वतःला म्हणाले. म्हणता म्हणता दोन मिनिटं गेली. आठला त्या घरात आया उभ्या असतील. त्यांच्यासमोर वन्सं सांगतील, मी विसरायला लागले आहे, आणि एकदा ते त्यांच्या तोंडून गेलं की कुठली आई आपलं सात महिन्यांचं मूल पुन्हा त्यांच्या हातात देईल? मी कितीही खरं सांगितलं तरी.

माळ अर्ध्यातच खाली ठेवली. एकतीस वर्षांत ती अशी कधी ठेवली नव्हती. चपला घातल्या, दार ओढलं.

गल्लीत सकाळची वर्दळ सुरू झाली होती. समोरच्या दुकानदाराने सवयीने मान हलवली, मीही हलवली. वळणावर एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन, दुधाची बाटली पिशवीत खोचत वन्संच्या घराकडेच निघाली होती. वेळेच्या आधी. वन्सं, तुमचं डोकं ठीक आहे, नंबर मी बदलला होता, एवढंच मनातल्या मनात घोळवत मी पावलं उचलली आणि तिला मागे टाकून पुढे चालू लागले.